एक्केचाळिसाव्या पानावरची मुलगी

टॅलमनच्या हायस्कुलात ग्रंथपाल असा कोणी नव्हताच. होती ती आर्डिस हॉवलंड. हुद्दा मदतनिसाचा, पण बावीस वर्षं तिथला सगळा कारभार तिच्याच हातात. वय सत्तावन्न, बांधा ठेंगणा, केस आखूड, बोलणं मोजकं. पोरांवर कधी ओरडली नाही. चष्म्यावरून नुसतं बघितलं की काम भागायचं. नवरा ऑरिन रेल्वेच्या रुळांवर कामाला होता, तो सहा वर्षांमागे गेला. मूलबाळ नव्हतं. रविवारी चर्च, बुधवारी चर्चच्याच स्वयंपाकघरात भांडी विसळायला, बाकी सगळे दिवस पुस्तकांत.

गावात तिच्याबद्दल चेष्टेने एकच गोष्ट सांगत. परक्या माणसाने गाडी थांबवून रस्ता विचारला की ती म्हणायची, "मला नाही ठाऊक. पुढे विचारा." दवाखाना विचारा, पेट्रोल पंप विचारा, हेच उत्तर. एकदा तर शाळेच्या दारात उभी असताना कोणी शाळा कुठे म्हणून विचारलं, तरी हेच. "पंचवीस वर्षं झाली, तुझ्या बायकोला अजून गाव सापडलं नाही," असं ऑरिनच्या दोस्तांनी चिडवावं आणि ऑरिनने हसून विषय बदलावा. त्याला कारण माहीत होतं. त्या गावात तेवढ्या एकालाच.

२००९ च्या ऑक्टोबरात इंग्रजीचे नवे सर, प्रुएट, एक खोकं घेऊन ग्रंथालयात आले. पोरगेलासाच माणूस, नोकरीचं दुसरं वर्ष, उत्साह मावत नव्हता.

"आर्डिस, शेवटच्या वर्षाच्या वर्गासाठी सव्वीस प्रती मागवल्यात. सोमवारपर्यंत कव्हरं घालून होतील का?"

"ठेवा तिथं."

"खऱ्या खुनाची गोष्ट आहे. पण लिहिलंय काय! माणसं कशी उभी करायची, वाचकाला शब्दांनी कसं वळवायचं, सगळं यात सापडतं. तुम्ही वाचलंय का?"

आर्डिसने खोक्याच्या चिकटपट्टीवरून सुरी ओढली आणि झाकण उघडलं. वरच्याच प्रतीवर नाव होतं, 'सुगीचा पाहुणा'. मुखपृष्ठ नवं होतं; साखरबीटाचं शेत आणि एका घराच्या खिडकीत दिवा. हे ते खरं घर नव्हतंच. त्या घराला पुढे ओसरी होती.

"बघितलंय," ती म्हणाली.

तिने सव्वीसच्या सव्वीस प्रतींना कव्हरं घातली. हात नेहमीसारखेच चालले, कुठे सुरकुती पडली नाही की बुडबुडा राहिला नाही. एकही प्रत मात्र तिने वाचायला उघडली नाही. उघडायची गरज नव्हती. एक्केचाळिसावं पान तिला पाठ होतं.

टॅलमनपासून उत्तरेला साडेचारशे मैलांवर केल्सी नावाचं गाव आहे, बीट पिकवणाऱ्यांचं. १९७१ साली आर्डिस तिथल्या हमरस्त्याला लागून असलेल्या अल्मामावशीच्या खानावळीत काउंटरवर उभी असायची. तेव्हा ती आर्डिस ब्रेक होती, एकोणीस वर्षांची. ऑक्टोबरात बीट काढायची घाई असते, जमीन गोठायच्या आत पीक बाहेर यावं लागतं, म्हणून परगावचे लोक कामाच्या शोधात यायचे. असाच एक जण मंगळवारी दुपारी आला. कॉफी प्याला, मांसाचं सँडविच खाल्लं, आणि कुठे काम मिळेल का म्हणून विचारलं. आर्डिसने सांगितलं की एल्मर नॉर्डबींचा गडी पाय मोडून बसलाय, त्यांना माणूस हवाय. चार मैल सरळ जा, उजव्या हाताला पांढरं घर, पुढे ओसरी. सांगण्यासारखी गोष्ट होती म्हणून सांगितली. गावात कोणीही तेच सांगितलं असतं.

गुरुवारी एल्मर आणि सिग्ने नॉर्डबी स्वयंपाकघरात मेलेले सापडले. माणूस आठवडाभरात पकडला गेला, पुढच्या वर्षी खटला चालला, जन्मठेप झाली आणि तुरुंगातच तो मेला. आर्डिसची साक्ष झाली. गावाने तिला दोष दिला नाही. पोरीला काय कळणार, असंच सगळे म्हणाले. सिग्नेबाईंची मुलगी लेनोर अंत्यविधीच्या वेळी आर्डिसचा हात धरून बसली होती.

मग लेखक आला. लॅथम त्याचं नाव. शहरी माणूस, पण वागायला गरीब. तीन दुपारी तो अल्मामावशीच्या स्वयंपाकघरात बसला. हातात वही नाही, पेन्सिल नाही. "आठवेल तेवढंच सांग, पोरी," म्हणायचा. आर्डिसला तोवर कोणी इतकं शांतपणे ऐकून घेतलं नव्हतं. ती बोलली, रडली, पुन्हा बोलली. तो माणूस आत आल्यावर ती हसली होती का, हे त्याने दोनदा विचारलं. "आठवत नाही," ती म्हणाली. खरंच आठवत नव्हतं.

पुस्तक १९७४ मध्ये आलं. त्यात तिचं नाव ज्यूडी होतं. लॅथमने लिहिलं होतं: 'ज्यूडीने पिवळ्या एप्रनला हात पुसले, मान जराशी तिरकी केली आणि ती हसली. गावातल्या साऱ्या बंद दारांपैकी पहिलं दार त्या हसण्याने उघडलं. तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. आणि त्या बोटाच्या टोकाशी, चार मैलांवर, दोन म्हातारी माणसं जेवायला बसत होती.'

नाव बदललं म्हणून काय झालं, केल्सीत काउंटर एकच होता. पुस्तक घरोघरी गेलं. कोणी काही बोललं नाही, पण खानावळीत लोक तिच्या डोळ्याला डोळा देईनासे झाले. कॉफी ओतताना ती हसली की समोरचा माणूस कपात बघायचा. एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर लेनोर तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू हसलीस का गं त्याच्याकडे बघून?"

"मला आठवत नाही, लेनोर."

"आठवत नाही म्हणजे हसलीस," लेनोर म्हणाली आणि मोटारीत जाऊन बसली.

त्या हिवाळ्यात आर्डिसने केल्सी सोडलं.

पुढचं आयुष्य सरळ गेलं. नोकरी मिळाली, ऑरिन भेटला, घर झालं. नॉर्डबी नवराबायको तिच्या स्वप्नातही कधी आले नाहीत; मेलेल्या माणसांनी तिला कधी त्रास दिला नाही. त्रास ज्यूडीचा होता. भांडी घासताना समोरच्या खिडकीच्या काचेत, शाळेच्या स्वच्छतागृहातल्या आरशात, दुकानात भाजी निवडताना मागे कुठेतरी, पिवळ्या एप्रनातली एक मुलगी मान तिरकी करून उभी असायची. आर्डिस पस्तिशीची झाली, पन्नाशीची झाली, ज्यूडी एकोणीसचीच. वाईट म्हणजे खानावळीतली ती दुपार आठवायला गेलं की आर्डिसला स्वतःचं काही दिसतच नसे. ज्यूडी दिसायची. आपला एप्रन पिवळा होता की पांढरा, हे तिला सांगता आलं नसतं. पुस्तकात पिवळा होता, म्हणून पिवळा.

सोमवारी प्रुएट सरांचा वर्ग ग्रंथालयात आला. गटागटाने टेबलांवर बसून काम करायचं होतं. प्रत्येक गटाला एकेक माणूस वाटून दिला होता. खुनी, पोलीसपाटील, म्हातारा नॉर्डबी. आर्डिसच्या मेजाला लागून असलेल्या टेबलावर ब्रॉक, शायला आणि टेस वोबोर्निक बसले. ब्रॉकने कागद मोठ्याने वाचला.

"'पान एक्केचाळीस. ज्यूडी. लेखक कोणकोणत्या शब्दांनी तिचं व्यक्तिमत्त्व उभं करतो? वाचकाला तिच्याबद्दल काय वाटावं अशी त्याची इच्छा आहे?' सोपंय. बाई येडी आहे. लिहा आणि चला जेवायला."

"येडी नाही, नखरेल आहे," शायला म्हणाली. "मान तिरकी काय, हात पुसणं काय. दिसला पुरुष की लागल्या लाडात यायला."

"आणि दिला म्हाताऱ्यांचा पत्ता. एखाद्या कुत्र्यानेसुद्धा आधी भुंकून बघितलं असतं."

दोघं हसले. आर्डिस एका जुन्या नकाशापुस्तकाचा कणा चिकटवत होती. तिने डिंकाचा ब्रश डबीत ठेवला, पुन्हा उचलला.

टेस इतका वेळ पेन्सिलीने पानावर खुणा करत होती. शेतकऱ्याची पोर, हडकुळी, नेहमी भावाचं जाकीट घालून फिरायची. "लेखक तिथं होता का?" तिने विचारलं.

"कुठं?"

"खानावळीत. तिने मान तिरकी केली हे त्याला कसं कळलं?"

"तिनेच सांगितलं असेल."

"आपण मान तिरकी केली असं कोणी सांगतं का रे? तू सांगशील?"

"आल्या वकीलबाई," ब्रॉक म्हणाला. "चला, हिची फी कोण देणार?"

"गप बस आणि हे बघ." टेसने पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. "इथं बघ ज्यूडी काय काय करते. पुसते, हसते, बोट दाखवते, दार उघडते. सगळं ती करते. आता खुनाचं पान बघ, अठ्ठावन्न. 'कडी निघाली. दिवा विझला. खुर्ची कलंडली.' कडी काय आपोआप निघाली? खुर्ची स्वतःहून पडली? त्या अख्ख्या पानावर तो माणूस एकही गोष्ट करत नाही. मारलं त्याने, आणि क्रियापदं सगळी हिच्या गळ्यात."

शायलाने पुस्तक ओढून घेऊन पाहिलं. "हो की गं," ती म्हणाली.

आर्डिसच्या हातातल्या ब्रशवरून डिंकाचा एक थेंब नकाशावर पडला, बरोबर समुद्रात. पस्तीस वर्षं ते पान तिच्या डोक्यात होतं आणि तिने ते कधी असं वाचलंच नव्हतं. तिने ते नेहमी आरोपीने आरोपपत्र वाचावं तसं वाचलं होतं.

दोन दिवसांनी टेस एकटीच आली. "मिसेस हॉवलंड, केल्सीच्या कोर्टातले खटल्याचे कागद मिळतील का? नाहीतर तेव्हाची वर्तमानपत्रं? दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतात ना?"

"कशाला?"

"ज्यूडीची साक्ष झाली असणार. ती स्वतः काय म्हणाली ते बघायचंय. लेखकाने तिला एक वाक्यसुद्धा बोलू दिलेलं नाही."

असा मागणीचा फॉर्म आर्डिसच्या खणात होता. वर्षाला दहाबारा तरी ती भरायची. "तसले कागद आपल्याला देत नाहीत," ती म्हणाली.

"एकदा विचारून बघितलं तर?"

"देत नाहीत म्हटलं ना."

टेस बरं म्हणून निघून गेली. बावीस वर्षांत आर्डिसने कुठल्या पोराला खोटं सांगून परत पाठवलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन ती भांडी घासायला लागली. सिंकपाशी उभी राहिली तर काचेत ज्यूडी होती, आणि या खेपेला ज्यूडी तिच्याकडे बघून हसत होती. आर्डिसने दिवसाढवळ्या खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि महिनाभर तो उघडला नाही.

पण पोर चिवट होती. नोव्हेंबरअखेरची थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपल्यावर ती एक पिवळसर पाकीट घेऊन आली. ग्रंथालयात कोणी नव्हतं. बाकीचे व्यायामशाळेत बास्केटबॉल बघायला गेले होते. टेस मेजापाशी उभी राहिली, पण नेहमीसारखी घाईने बोलली नाही.

"मी कोर्टाला पत्र टाकलं होतं. तिथल्या कारकूनबाईंनी नकला पाठवल्या. साक्षीची चार पानं."

टेसने पाकिटातून कागद काढून मेजावर ठेवले.

"यात एक नाव आहे," टेस म्हणाली. "आर्डिस ब्रेक. प्रुएट सर तुम्हाला आर्डिस म्हणतात ते मी ऐकलंय. हे नाव दुसऱ्या कोणाचं मी ऐकलेलं नाही. तुम्ही नसाल तर तसं सांगा, मी माफी मागते."

आर्डिसने शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बस," आर्डिस म्हणाली.

टेस बसली. "मी हे अजून कोणाला दाखवलं नाही. तुम्ही म्हणाल तर परत पाकिटात घालीन आणि निबंध आहे तसा देऊन टाकीन."

"तू वाचलंस?"

"हो."

"मग वाच. मोठ्याने. माझा चष्मा..." चष्मा तिच्या नाकावरच होता. टेसने तो बघूनही न बघितल्यासारखं केलं आणि तिसरं पान काढलं. आरोपीच्या वकिलाने प्रश्न विचारले होते.

"'प्रश्न: तो तुमच्याशी सभ्यपणे वागला? उत्तर: हो. प्रश्न: तुम्हाला त्याची भीती वाटली नाही? उत्तर: नाही, त्याने कृपया म्हटलं. प्रश्न: तो आत आला तेव्हा तुम्ही त्याच्याकडे पाहून हसलात?'"

टेस थांबली. "वाच," आर्डिस म्हणाली.

"'उत्तर: हसले असेन. मी सगळ्यांकडेच बघून हसते. मावशीने तसं सांगून ठेवलंय.'"

आर्डिसने हात पुढे केला आणि कागद घेतला. टंकलेखनाची अक्षरं फिकट होती, पण वाचता येत होती. मावशीने तसं सांगून ठेवलंय. वाक्य वाचताना अल्मामावशीचा आवाज तिला खणखणीत ऐकू आला: काउंटरमागे आलीस की तोंडावर हसू हवं, घरचं रडगाणं मागच्या दारी. विसरलीच होती ती. हसली होती तर. इतकी वर्षं आठवत नाही, आठवत नाही म्हणत आली, आणि शपथेवर तिनेच सांगून ठेवलं होतं. लेनोरचं बरोबर होतं. आणि तरीही ती कागदावरची मुलगी ज्यूडी नव्हती.

"लॅथमने हे वाचलंय," टेस हळूच म्हणाली. "सगळ्या साक्षी वाचल्याचं त्याने पुस्तकाच्या शेवटी लिहिलंय. त्याने हसणं तेवढं ठेवलं आणि पुढची दोन वाक्यं टाकून दिली."

आर्डिसने तो कागद टेसला परत दिला. मग तिने विचारलं, "एप्रनचं काही आहे का त्यात?"

"एप्रनचं?"

"रंग कोणता होता वगैरे."

टेसने चारही पानं चाळली. "नाही. एप्रन कुठेच नाही."

"असो," आर्डिस म्हणाली. मग खण उघडून तिने मागणीचा एक कोरा फॉर्म काढून मेजावर ठेवला. "तुला मी खोटं सांगितलं होतं. हे असतात ते फॉर्म. पुढच्या वेळी लागला तर माग. आणि निबंधात 'साक्षीदार' असं लिही. नाव नको."

टेसने तसंच लिहिलं. प्रुएट सरांनी निबंध मन लावून वाचला आणि ब श्रेणी दिली. खाली लिहिलं की विचार धारदार आहे, पण नेमून दिलेल्या पुस्तकाबाहेरचे कागद वापरायचे नव्हते. टेस चार दिवस धुसफुसत होती. साक्षीदार कोण, ते सरांना कधीच कळलं नाही.

नाताळ झाल्यावर एका शनिवारी सकाळी आर्डिसने केल्सीच्या चर्चला फोन करून लेनोरचा नंबर मिळवला. तो लिहिलेला कागद तिने तीन दिवस फ्रिजवर लावून ठेवला. मंगळवारी शाळेला बर्फाची सुट्टी पडली, तेव्हा तिने फोन फिरवला.

"लेनोर, मी आर्डिस. आर्डिस ब्रेक."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला. "बोल," म्हातारा झालेला आवाज म्हणाला.

"तू मला पायऱ्यांवर एक विचारलं होतंस. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. हसले होते मी. येईल त्याच्याकडे बघून हसायचे, तशीच हसले. मावशीने तसं सांगून ठेवलं होतं. कोर्टात तसं सांगितलंय मी, कागद सापडलाय."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मी होते की कोर्टात," लेनोर म्हणाली. "दुसऱ्या रांगेत. तू हे बोललीस तेव्हा अल्मा माझ्या शेजारी बसली होती, तिने माझा हात दाबला. मी ऐकलं होतं ते, आर्डिस."

"मग विचारलंस का?"

"ते पुस्तक वाचलं ना मी. एकदा नाही, चारपाचदा वाचलं. आईचं काहीतरी सापडेल म्हणून वाचायचे. नंतर मला तेवढंच दिसायला लागलं. तू मान वळवून हसतेयस. कोर्टातलं सगळं पुसूनच गेलं. आत्ता तू बोललीस आणि अल्माचा हात आठवला." मग तिने विचारलं, "तुझा एप्रन पिवळा होता ना गं?"

"मला नाही माहीत."

"मलाही नाही," लेनोर म्हणाली. "मला वाटायचं, पिवळा."

पुढे दोघी हवेबद्दल बोलल्या, बीट कसं आलं त्याबद्दल, लेनोरच्या गुडघ्यांबद्दल. एकमेकींची माफी कोणी मागितली नाही. फोन ठेवताना लेनोर म्हणाली, "या बाजूला आलीस तर ये," आणि आर्डिस "बघू" म्हणाली. ती गेली, पण दोन वर्षांनी, निवृत्त झाल्यावर. लेनोरने ओव्हनमध्ये बटाट्याची हॉटडिश भाजली होती. जेवून दोघी गाडीने नॉर्डबींच्या घरापर्यंत गेल्या. घर पाडून तिथे धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या उभ्या होत्या. गाडीतून त्या उतरल्या नाहीत.

'सुगीचा पाहुणा' टॅलमनच्या शाळेत अजूनही दरवर्षी लावतात. दरवर्षी कुठला तरी एक गट एक्केचाळिसाव्या पानावर बसतो आणि काउंटरवरच्या मुलीला येडी किंवा नखरेल ठरवतो. टेस शिकायला दूर निघून गेली. तिने पेन्सिलीने खुणा केलेली प्रत कोणत्या पोराच्या हाती लागते, हे नशिबावर आहे. आणि ज्यूडीही गेलेली नाही. आता ती रोज येत नाही, एवढंच. आठवडा आठवडा दिसत नाही, मग एखाद्या दुपारी आर्डिस कपबशा विसळत असली की काचेत येऊन उभी राहते, एकोणीस वर्षांची, मान तिरकी केलेली. आर्डिस पडदा ओढत नाही. जरा वेळ तिच्याकडे बघते आणि हातातली बशी पुसायला घेते.